वायरिंगनंतर सेल्फ बंद पडला आणि 7,650 रुपये गेले

कोपरखैरणेला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदरांनी बाबांच्या मोटारसायकलची वायरिंग कुरतडली. गाडी 2009 ची, दीडशे सीसीची. बाबा तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी होते, भल्या पहाटे याच गाडीवर निघायचे. आता ती मी रबाळे एमआयडीसीत फर्स्ट शिफ्टला नेतो. विकायचा जीव होईना, म्हणून पूर्ण वायरिंग नवी टाकायची ठरवली.

जवळच्याच एका गॅरेजवाल्याने 3,200 सांगितले. "ओरिजिनल हार्नेस (वायरांचा तयार जुडगा) टाकतो, साहेब." दोन दिवसांनी गाडी हातात आली. किकवर लगेच चालू व्हायची, पण सेल्फ दाबला की सीटखाली टक आवाज, सेल्फची मोटर जेमतेम हलायची आणि थांबायची. वायरिंगच्या आधी सेल्फ उत्तम चालत होता, हे मी त्याला तीनदा सांगितलं.

तो म्हणाला, बॅटरी गेली. बॅटरी मागच्या दिवाळीत टाकलेली. हॉर्न खणखणीत वाजत होता, सेल्फ दाबताना न्यूट्रलचा दिवा मंदही होत नव्हता. बॅटरी उतरलेली असती तर दिवा बसला असता. हे मला तेव्हा कळत नव्हतं. नव्या बॅटरीचे 2,600 दिले, जुनी त्यानेच ठेवून घेतली आणि तिचा एक रुपया वजा केला नाही. वॉरंटी कार्डावर शिक्का नाही. फरक शून्य. मग रिले, म्हणजे सेल्फच्या मोटरला करंट जोडणारा स्विच, 450. मग "मोटरची वाइंडिंग जळलीय, भरून आणावी लागेल", 1,400. मोटर दिल्यावर दोन दिवस सेल्फ कसाबसा लागला, तिसऱ्या दिवशी पुन्हा टक.

शेवटी ओळखीतून ऐरोलीचे एक काका मिळाले. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले इलेक्ट्रिशियन. त्यांनी कशालाही हात लावण्याआधी मीटर काढला. बॅटरी 12.6 व्होल्ट. मला सेल्फ दाबायला सांगितलं, तेव्हा बॅटरीवर 11.4, म्हणजे बॅटरी ठणठणीत. पण मोटरपर्यंत पोचत होते फक्त 6.9. मीटरची एक पिन इंजिनच्या बॉडीला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावून पुन्हा सेल्फ दाबायला लावला. 4.1 व्होल्ट! "बाळा, इथे अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. तुझा करंट अर्थिंगमध्येच मरतोय."

मग त्यांनी जंपर केबल काढली, निगेटिव्हपासून थेट इंजिनला लावली. सेल्फ एका दाबात लागला. नवी वायरिंग टाकताना अर्थच्या, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडून येणाऱ्या वायरीची थिंबल (टोकाचं धातूचं कडं) चॅसीच्या रंगावरच बोल्टने आवळली होती, खाली पत्रा खरवडलाच नव्हता, म्हणून रंगामुळे करंट नीट जात नव्हता. किकला एवढा करंट लागत नाही, म्हणून किकवर गाडी चालू व्हायची. पॉलिश पेपर, नवी थिंबल, थोडं ग्रीस. काकांनी 150 रुपये घेतले.

पण खरी चीड पुढे आली. मोटर खोलायला घेतली तर स्क्रूंच्या खाचांत जुना चिखल कडक बसलेला, कंपनीच्या रंगाची खूणसुद्धा तशीच. ती मोटर कुणी उघडलीच नव्हती. रिलेही माझाच, घासून पुसून परत बसवलेला. बाबांनी केलेली मार्करची खूण मागच्या बाजूला शाबूत होती. आणि टेपखाली फ्यूजच्या जागी तांब्याची पिळलेली तार. शॉर्ट झालं असतं तर फ्यूज उडाला नसता, वायरिंग पेटली असती, तीसुद्धा पेट्रोलच्या टाकीखाली. पैशांपेक्षा या तारेचा राग मला जास्त आहे.

मी गॅरेजवर गेलो. तो म्हणाला, बिल दाखवा. माझ्याकडे नाव-गाव नसलेली हाताने लिहिलेली चिठ्ठी आणि यूपीआयचे चार व्यवहार, तेही दुसऱ्याच कुणाच्या नावावर गेलेले.

तुमच्या गाडीची वायरिंग झाल्यावर सेल्फ बिघडला, तर पहिलं बोट वायरिंगवर ठेवा. सेल्फ दाबलेला असतानाचा मीटरचा आकडा स्वतः बघा, त्याशिवाय एकही पार्ट बदलू देऊ नका. जुना पार्ट मागून घ्या, आणि गाडी सोडण्याआधीच रिले, मोटर, बॅटरीवर खूण करून फोटो काढा. फ्यूज बॉक्स उघडून दाखवायला लावा. बॅटरीचा नंबर टाकलेलं पक्कं बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

चिखलाने भरलेल्या स्क्रूंचे, रिलेवरच्या खुणेचे आणि त्या तारेचे फोटो जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार नोंदवली आहे. बॅटरीच्या पैशांसाठी दाखवायला माझ्याकडे कागद नाही.