गिझरचा वाय-फाय प्लग: दोन हिवाळे वापरून झाल्यावर

आई-बाबा त्रिमूर्ती नगरात राहतात, दोघंच, आणि मी मनीष नगरला. नागपूर म्हटलं की बाहेरच्यांना फक्त उन्हाळा आठवतो पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे इथे काय गारठा असतो ते इथल्यांनाच माहीत, २९ डिसेंबर २०१८ ला तर पारा ३.५ डिग्रीवर आला होता. गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याला हात लावायची सोय नसते. बाबा पंच्याहत्तरीचे, गुडघे धरलेले, पहाटे उठून गिझरचं बटण दाबायचे, परत येऊन पडायचे आणि मग दहा वाजता कळायचं की अरे गिझर तर सुरूच आहे. आई एकदा बर्डीच्या बाजारापर्यंत जाऊन परत फिरली, गिझर बंद केला की नाही तेच आठवेना म्हणून. त्या दिवशी ठरवलं की आता काहीतरी करायचं.

माझी बहीण इंग्लंडला असते, तिच्याकडे एकच बॉयलर आणि खोलीखोलीत रेडिएटर, ती ऑफिसातून निघताना फोनवरून घर गरम करते. आपल्याकडे तसं काही नाही, आपलं हीटिंग म्हणजे गिझर आणि फार तर एक रूम हीटर. मग मी १६ अँपिअरचा वाय-फायवाला स्मार्ट प्लग घेतला, म्हणजे सॉकेट आणि गिझरच्या मध्ये बसणारा, फोनच्या अ‍ॅपवरून चालू-बंद होणारा आणि किती वॅट चालू आहे ते दाखवणारा, साडेबाराशेला पडला. त्याहून स्वस्त १० अँपिअरवाले असतात, ते गिझरला घेऊच नका. २००० वॅटचा गिझर जवळजवळ ९ अँपिअर खेचतो, म्हणजे रोज प्लगचा जीव काढणं झालं.

लावायच्या आधी एक काम नक्की करा, इलेक्ट्रिशियनला बोलवून पॉइंट उघडून पाहा. आमच्याकडे सॉकेटच्या एका छिद्राभोवती तपकिरी झालेलं होतं, आम्ही समजत होतो मळ आहे. उघडला तर आत वायरचं प्लास्टिक वितळून स्क्रूला चिकटलेलं. तो म्हणाला काका, दीडची (दीड चौरस मिलिमीटर जाडीची) वायर आहे, गिझरला अडीच तरी पाहिजेच, मी चारची टाकून देतो. वायर, सॉकेट, मजुरी सगळं मिळून प्लगपेक्षा जास्त पैसे गेले पण मला त्याचं काही वाटत नाही, कारण हे तसंच राहिलं असतं तर कधीतरी पेटलंच असतं.

जोडताना अर्धा दिवस गेला. हा प्लग फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर चालतो आणि आमच्या राउटरवर २.४ आणि ५ अशा दोन्ही बँडचं नाव एकच होतं, प्लगचा दिवा नुसता लुकलुकून राहिला आणि अ‍ॅप म्हणे डिव्हाइस सापडत नाही. राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्झ थोडा वेळ बंद केला तेव्हा दोन मिनिटात जोडला गेला.

टायमर साडेपाचला चालू, सहाला बंद, परत सव्वासातला आईसाठी. १५ लिटरच्या गिझरला आमच्याकडे बावीस मिनिटं लागतात, ते अ‍ॅपच्या ग्राफमध्ये दिसतं, १९८० वॅटवर सरळ रेघ आणि पाणी तापलं की धपकन शून्य. आणि सहाच्या आत परत रेघ वर गेली की समजायचं बाबांनी नळ सोडला, आंघोळ सुरू आहे. मी इकडे चहा घेता घेता ते पाहतो. एका सकाळी वर गेलीच नाही, तर मी लगेच फोन लावला, त्यांना ताप होता.

बिल खूप कमी होईल म्हणून मात्र घेऊ नका. पाणी तापलं की थर्मोस्टॅट तसाही गिझर बंद करतोच, त्यामुळे विसरलेला गिझर वाटतो तितकी वीज खात नाही. आमच्याकडे दिवसाला दीड युनिट लागतं, प्लग लावल्यावर थोडंसंच कमी झालं. हा घ्यायचा तो जिवाच्या शांतीसाठी.

आता खरी तक्रार. पहिला प्लग दुसऱ्याच महिन्यात आतून चिकटला. अ‍ॅपमध्ये बंद दिसे आणि गिझर चालूच! मला कळलं ते वॅटच्या आकड्यावरून, बटण बंद आणि खाली १९८०. बाबांना फोन करून भिंतीवरचं बटण बंद करायला लावलं. कंपनीनं बदलून दिला पण पाच आठवडे लावले, ते पण थंडीत, रोज फोन करून करून. म्हणून कोणत्याही कंपनीचा घ्या, वॅट दाखवणाराच घ्या, आणि अ‍ॅपमधल्या बटणाच्या रंगावर न जाता आकडा पाहा. भिंतीवरचं बटण काढू तर अजिबात नका.

सेटिंगमध्ये अजून एक आहे, लाईट जाऊन आल्यावर प्लगनं काय करायचं ते. तिथे 'बंद' निवडा, नाहीतर दुपारी लाईट येईल आणि रिकाम्या घरात गिझर सुरू होईल.

रूम हीटर मी याच्यावर लावला नाही आणि कोणी लावू पण नये असं माझं स्पष्ट मत आहे. गिझर भिंतीवर टांगलेला असतो, हीटर जमिनीवर, त्याच्यासमोर कोणी पांघरूण टाकलं, टॉवेल वाळत घातला तर दूर बसून तुम्हाला काय दिसणार आहे? शिवाय डिजिटल बटणांचे बरेच हीटर प्लगमधून चालू केले तरी नुसते स्टँडबायवर राहतात.

पाचपैकी चार स्टार, एक त्या पाच आठवड्यांचा कापला. बाबा अ‍ॅप वापरत नाहीत, त्यांना प्लगवरचं छोटं बटण दाखवून ठेवलंय आणि शेजारी मोठ्या अक्षरात कागद चिकटवलाय: लाल दिवा म्हणजे चालू, शंका आली तर वरचं मोठं बटण बंद करा.