कोटा, जुना साग, वेत आणि चुना: दोन पावसाळ्यांनंतर

ठाण्यातल्या आमच्या टू बीएचकेचं काम होऊन आता दोन पावसाळे सरलेत, म्हणून लिहायला बसले. पहिल्या महिन्यात कुठलंही घर छानच दिसतं, त्यावरून काही कळत नाही. काम काढताना आम्ही एकच कसोटी लावली होती. जे घासून, पॉलिश मारून, पुन्हा विणून किंवा पुन्हा रंगवून नीट करता येतं, तेच जमिनीत आणि भिंतीत कायमचं बसवायचं. घर जुनाट दिसायला लागतं ते दुरुस्त न होणाऱ्या वस्तूंमुळे, असं माझं ठाम मत आहे. चकचकीत लॅमिनेटची कड सुटली की ते पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. सागाचा पाट मात्र रंधा मारून पुन्हा नवा होतो. त्यामुळे फॉल्स सीलिंग नाही, टीव्हीमागे पट्ट्यापट्ट्यांचं पॅनेल नाही, संगमरवराची छपाई केलेल्या टाइल्सही नाहीत.

जमिनीला कोटा घातला. राजस्थानातल्या कोटा आणि रामगंज मंडी भागातला हा हिरवट-निळसर चुनखडीचा दगड. आपल्याकडे शाळा, दवाखाने, स्टेशनं यांत इतका वापरलाय, की घरात घालायचा म्हटल्यावर नातेवाईक बिचकले. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, दवाखान्यासारखं वाटेल.’ पण त्याच जागांमध्ये रोज हजारो पावलं पडूनही तो टिकून आहे, हाच माझ्या दृष्टीने त्याचा सगळ्यात मोठा दाखला. २२ बाय २२ इंचांच्या फरश्या बारीक सांध्यांनी बसवल्या आणि जागेवरच मशीनने घासून घेतल्या. दवाखाना वाटू नये यासाठी घासाईचं शेवटचं पॉलिश मंद ठेवलं. आज सासूबाई स्वतः दुपारी त्याच फरशीवर सतरंजी टाकून पडतात.

आता त्रासाचं सांगते. चुनखडीच असल्यामुळे कोट्याला आंबट चालत नाही. लिंबू, व्हिनेगर, चिंचेचं पाणी सांडून तसंच राहिलं तर तिथली चमक जाते आणि पांढुरका डाग राहतो. बाथरूमच्या ॲसिडची बाटली तर या फरशीच्या आसपासही नको. आमच्याकडे फ्रिजसमोर असे डाग पडले होते. पॉलिशवाल्याने तेवढाच भाग घासून दिला, आता ते शोधूनही सापडत नाहीत. सुरुवातीचे काही महिने सांध्यांजवळ पांढरट क्षारही येत होता. खालच्या मालातली ओल वर येताना क्षार घेऊन येते. कोरड्या फडक्याने पुसत राहिल्यावर तो आपोआप थांबला. जुलैमधल्या दमट दिवसांत फरशीला घाम सुटतो, तेवढे दिवस दाराशी पायपुसणं जाड हवं. रोजच्या पुसण्याला साधं पाणी पुरतं.

गॅलरीत आणि दारातल्या चौकोनात नक्षीच्या सिमेंट टाइल्स आहेत. दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या जिन्यांत आणि व्हरांड्यांत दिसतात तशा. स्वदेशीच्या काळात, १९२२ साली, मुंबईत भारत टाइल्स सुरू झाली आणि ही फरशी इथलीच झाली. या टाइल्स भाजत नाहीत. साच्यात रंगीत सिमेंटचा थर ओतून दाबतात आणि पाण्यात मुरवतात. नक्षी वरून छापलेली नसते, त्या थराच्या जाडीभर असते, म्हणून ती झिजते पण सोलत नाही. मात्र तेल आणि हळद शोषते. स्वयंपाकघरात मी ती घातली नाही आणि कुणाला सुचवणारही नाही.

लाकडावर सगळ्यात जास्त विचार केला. पाडलेल्या इमारतींमधून निघालेला जुना साग घेतला. त्यात खिळे निघतात, रंध्याच्या पात्यांची वाट लागते, मेस्त्री कुरकुरतात. पण आमचे मेस्त्री एक तुळई कापून बघितल्यावर म्हणाले, ‘ताई, याला जे काय वाकायचं-फुटायचं होतं ते केव्हाच होऊन गेलंय.’ दोन पावसाळ्यांत एकही दार अडकलेलं नाही.

पॉलिशची निवड मात्र जागा बघून करा. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, पाणी आणि गरम भांडं बऱ्यापैकी सोसतं, पण ओरखडा खोल गेला तर सहसा अख्खा पृष्ठभाग घासावा लागतो. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचं पॉलिश नाजूक. ओला पेला ठेवला तरी पांढरं वर्तुळ उठतं. पण ते तेवढ्याच जागी, बोळा फिरवून दुरुस्त होतं, कारण नवी लाख जुन्या लाखेत विरघळून मिसळते. म्हणून जेवणाच्या टेबलाला पीयू आणि खुर्च्या, कपाटं, देवघर यांना लाख. लाखेखालच्या सागाचा रंग दिवसेंदिवस मधासारखा होत चाललाय. गॅलरीच्या दाराला नुसतं जवसाचं तेल दिलंय, ते दर वर्षी मे महिन्यात पुन्हा द्यावं लागतं.

खुर्च्या साग आणि वेताच्या. चंदीगड शहर उभं राहताना १९५०च्या दशकात वास्तुरचनाकार पिएर जान्नरे यांनी तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी अशाच साग-वेताच्या खुर्च्या आखल्या. पुढे त्या भंगारात निघाल्या आणि नंतर परदेशी लिलावांत त्यांना मोठ्या किमती आल्या. आमच्या खुर्च्या साध्या स्थानिक सुताराकडच्या, पण धडा तोच घेतला: पाय तिरके आणि भक्कम, पाठ मोकळी, कोरीवकाम शून्य. पावसाळ्यात वेतावर बुरशीचे ठिपके येतात. कोरड्या ब्रशने झाडून पंख्याखाली ठेवायच्या. बैठक सैल पडली तर खालच्या बाजूने ओलं फडकं फिरवून सावलीत वाळवा, वेत सुकताना ताणला जातो. अगदीच तुटला तर विणणारे कारागीर अजून मिळतात.

चुन्याची भिंत एकच, बैठकीतली. पुट्टीवर चुना धरत नाही, म्हणून जुना थर खरवडून आधी चुन्याचा गिलावा केला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो आणि तीव्र क्षारधर्मी असल्यामुळे त्यावर बुरशी सहजी धरत नाही. शेजारच्या खोलीत प्लास्टिक पेंटला फुगे आले, ही भिंत मात्र तशीच आहे. पण टेकून बसलं की कपड्यांना पांढरं लागतं. लहान मुलं असतील तर सोफ्यामागे चुना करू नका.

उजेडाने या सगळ्याला केवढा फरक पडतो हे राहायला आल्यावरच कळतं. दिव्याच्या उजेडाचा रंग केल्विनमध्ये सांगतात, आकडा कमी तितका उजेड पिवळसर. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखाली साग राखाडी आणि कोटा निर्जीव दिसतो. आम्ही सगळीकडे २७०० ते ३००० केल्विनचे दिवे घेतले, फक्त ओट्यावर ४०००.

हौस भागवायला पडदे, उशांचे अभ्रे आणि चादरी आहेतच. खणाचे अभ्रे, सोलापुरी चादर, दिवाळीला रंग बदलायचे आणि जुने धुऊन ठेवून द्यायचे.

भाड्याच्या घरात फरशी-भिंतीला हात लावता येत नाही. तिथे आधी दिवे बदला, मग दोन चांगल्या खुर्च्या घ्या. स्वतःच्या घराचं बजेट कमी असेल तर जमिनीवर आणि दारांवर आधी खर्च करा, कारण राहतं घर रिकामं करून तेच पुन्हा करणं सगळ्यात अवघड. कपाटं वर्षभर थांबली तरी चालतं. आमचं एक अजून व्हायचंय, आणि त्यासाठी लागणारा साग गॅलरीत रचून ठेवलाय.