डब्ल्यूडी ब्लू एसएन५८० (१ टीबी): 'डिटेक्ट होत नाही' म्हणून परत नेण्याआधी

नागपूरच्या बर्डीतून सुटे पार्ट आणून घरीच पीसी जुळवताय आणि सगळ्यासाठी एकच एसएसडी घ्यायची आहे, तर ही घ्यायला हरकत नाही. पीसीआयई ४.० (बोर्डाशी जोडणारा वेगवान मार्ग) च्या चार लेन, रीड-राइट दोन्ही सेकंदाला ४,१५० एमबीपर्यंत, ६०० टीबीडब्ल्यू (एकूण इतके टीबी लिहिण्याची हमी) आणि ५ वर्षांची वॉरंटी. स्वतःची डीरॅम (वेगवान तात्पुरती मेमरी) नाही, पण गेमिंग, टॅली, फोटो एडिटिंगचं त्यावाचून अडत नाही. रोज शेकडो जीबी व्हिडिओ ओतणाऱ्यांनी वरची रेंज बघावी.

काउंटरवर मात्र खोका नीट वाचा. 'डब्ल्यूडी ब्लू' याच नावाने एसए५१० ही साटा (जुन्या, संथ जोडणीची) एसएसडी एम.२ (छोट्या पट्टीच्या) आकारातही मिळते, एसएन५८० मात्र एनव्हीएमई, म्हणजे पीसीआयईवर चालणारी. तिच्या कनेक्टरला दोन खाचा असतात, एसएन५८० ला एकच. साटावाली ड्राइव्ह फक्त एनव्हीएमई चालणाऱ्या स्लॉटमध्येही छान बसते, स्क्रूही लागतो, आणि बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) कधीच दिसत नाही. दोन वेगळ्या जातींच्या मालाला एकच नाव देणं काही पटत नाही.

योग्य ड्राइव्ह आणूनही दिसत नसेल, तर आधी स्लॉटवर संशय घ्या. इंटेलचा १० व्या पिढीचा प्रोसेसर आणि बी५६० मदरबोर्ड ही जोडी जुन्या मालात स्वस्तात जमते. पण अशा बहुतेक बोर्डांवर वरचा एम.२ स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला असतो आणि तो ११ व्या पिढीशिवाय चालूच होत नाही. ड्राइव्ह खालच्या, चिपसेटच्या (बोर्डावरच्या मुख्य चिपच्या) स्लॉटमध्ये लावा. वेग पीसीआयई ३.० चा मिळेल, पण ड्राइव्ह दिसेल.

बसवताना साधारण ३० अंशांच्या कोनात आत सारायची, मग दाबून स्क्रू लावायचा. स्क्रूखालचा पितळी स्टँडऑफ (छोटा खांब) ८० मिमीच्या भोकातच हवा. तो नसला तर ड्राइव्ह वाकते आणि कॉन्टॅक्ट सुटतो. स्टँडऑफ आणि स्क्रू मदरबोर्डच्या खोक्यातल्या छोट्या पुडीत असतात, पुडी फेकू नका. बोर्डाचा हीटसिंक लावाच, मे महिन्यातलं नागपूर आहे हे! फक्त थर्मल पॅडवरची प्लास्टिक फिल्म आधी काढा. ती राहिली तर ड्राइव्ह दिसेल, पण तापून मंदावेल.

बायोसच्या साटा यादीत ही ड्राइव्ह शोधू नका, एनव्हीएमईचं पान वेगळं असतं. तिथे दिसते पण विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये नाही, असं इंटेलच्या ११ व्या पिढीपासून पुढे झालं तर बायोसमध्ये व्हीएमडी (ड्राइव्ह सांभाळणारी इंटेलची सोय) चालू आहे का बघा. ते बंद करा, नाहीतर पेनड्राइव्हवर इंटेलचा आरएसटी (स्टोरेजचा) ड्रायव्हर घेऊन 'लोड ड्रायव्हर' द्या. विंडोज आधीच टाकून झालं असेल तर हे सेटिंग उगाच बदलू नका, बूट अडकेल.

दुसरी ड्राइव्ह म्हणून लावली आणि 'धिस पीसी'मध्ये आली नाही, तर तो बिघाडच नव्हे. कोऱ्या ड्राइव्हला डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन जीपीटीने (विभागणीच्या नव्या पद्धतीने) इनिशियलाइझ करावं लागतं, मग 'न्यू सिम्पल व्हॉल्यूम'.

उलटंही घडतं: एसएसडी दिसते, जुनी हार्ड डिस्क गायब. बऱ्याच बोर्डांवर एम.२ स्लॉट भरला की एक-दोन साटा पोर्ट बंद पडतात. कोणते, ते मॅन्युअलमध्ये असतं. केबल दुसऱ्या पोर्टला लावा. मात्र हार्ड डिस्कसाठी जुन्या मॉड्युलर (सुट्या केबलच्या) एसएमपीएसची, म्हणजे पॉवर सप्लायची, पॉवर केबल नव्याला जोडू नका. टोक बसतं, पिनांची मांडणी वेगळी असू शकते, आणि डिस्क जळते.

एवढं करूनही दिसली नाही तर दुसऱ्या पीसीत, किंवा एनव्हीएमई चालणाऱ्या यूएसबी एन्क्लोजरमध्ये (बाहेरून जोडायच्या डबीत) लावून बघा. तिथेही गप्प असेल तर वॉरंटीत द्या. त्यासाठी पक्कं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या.