सीएनसी किट विकणारं चॅनेल: १,७३२ डॉलर गेले, निदान तुमचे वाचवा

ड्रॉइंगचे ४९, किटचे (घरी जोडायच्या सुट्या भागांचे) १,३४०, पाठवणीचे २१५ आणि माल निघाल्यावर अचानक उपटलेले ‘क्लिअरन्स’चे १२८. एकूण १,७३२ डॉलर. त्या बदल्यात आलेल्या सीएनसीला, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणाऱ्या यंत्राला, वर्तुळ कापायला सांगितलं तर चार ठिकाणी पायरी पडते.

अशी चॅनेलं कशी चालतात हे बहुतेकांना माहीत आहे. आधी दहाबारा खरोखर चांगले व्हिडिओ, मग ‘हेच यंत्र तुम्हीही बांधा’, मग मोजक्याच जागा आणि आगाऊ पैसे. मलाही माहीत होतं. पण मी नवशिका नाही, भागांची यादी ओळ न् ओळ तपासली होती आणि यादीत एकही चूक नव्हती. चूक यादीत नसतेच, खोक्यात असते.

एक दृश्य मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर ६ मिमीचं कटर चाललंय आणि मागे कंट्रोलरच्या पडद्यावर फीड (कटर सरकण्याचा वेग) ६०० स्पष्ट दिसतोय. मिनिटाला ६०० मिमी म्हणजे सेकंदाला १०. पट्टी २०० मिमीची, म्हणजे एका फेरीला २० सेकंद हवेत. व्हिडिओत कटर ४ सेकंदांत पलीकडे जातं. पाचपट पळवलेला व्हिडिओ! म्हणूनच स्पिंडलचा (कटर फिरवणाऱ्या मोटरचा) आवाज काढून वर संगीत चढवलं होतं. तोंडी होणारं गणित. तो व्हिडिओ मी दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा ते केलं नाही. कापण्याचा मूळ आवाज ऐकवत नसतील तर एक पैसा देऊ नका. चॅटर, म्हणजे कापताना होणारी कटरची थरथर, आधी कानाला कळतो.

डायलची (बारीक हालचाल दाखवणाऱ्या काट्याच्या मापकाची) चलाखी याहून संतापजनक, कारण डायल दिसला की आपण विश्वास ठेवतो. टेबल येतं, काटा शून्यावर. लांब जाऊन परत येतं, पुन्हा शून्यावर. पण दर वेळी ते एकाच बाजूने येऊन टेकत होतं. यात बॅकलॅश (दिशा बदलताना वाया जाणारी हालचाल) दिसतच नाही. तो पाहायचा तर डायल टेकल्यावर १ मिमी पुढे जायचं, तिथूनच ०.१ मिमी मागे यायचं आणि काटा किती हलला ते वाचायचं. माझ्या एक्स अक्षावर काटा हललाच नाही. प्ले, म्हणजे हा ढिलेपणा, निघाला ०.१८ मिमी.

कारण शोधायला बीके१२ ब्लॉक (टेबल सरकवणाऱ्या स्क्रूचं टोक धरणारा) उघडला. आत ७००१ अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची जोडी हवी होती, निघाली साधी ६००१. दोन्हींचं माप तेच, १२ × २८ × ८, म्हणून बसतात अगदी चपखल. पण स्क्रूचा अक्षीय (लांबीच्या दिशेचा) दाब प्रीलोड देऊन, म्हणजे आधीच आवळून ठेवून, झेलायचं काम ७००१ च्या जोडीचं आहे. ६००१ मध्ये स्क्रू पुढेमागे सरकतो आणि लॉकनट कितीही आवळा, फरक पडत नाही. ब्लॉक हातात आला की सगळ्यात आधी बेअरिंगवरचा आकडा वाचा.

मोटरवर ३ न्यूटन-मीटरचं (पिळण्याच्या ताकदीचं) स्टिकर, लांबी ५६ मिमी. नेमा २३ (मोटरच्या तोंडाचं ठरलेलं माप) मध्ये ३ न्यूटन-मीटरची मोटर साधारण ११२ मिमी लांब असते. ५६ मिमीत १.२ च्या आसपास मिळतं. ‘२.२ किलोवॉट’ स्पिंडलचा व्यास ६५ मिमी, कोलेट (कटर पकडणारी चिमटी) ईआर११ मापाची. त्या ताकदीचा स्पिंडल सहसा ८० मिमीचा आणि ईआर२० चा असतो. व्हर्नियर लावा, स्टिकर वाचू नका. स्क्रू सी५ (अचूकतेची श्रेणी) सांगत असतील तर लीडच्या (एका फेऱ्यात होणाऱ्या सरकण्याच्या) चुकीचा तपासणी आलेख आधी मागा. सी५ म्हणजे ३०० मिमीत ०.०१८ मिमीची चूक, सी७ म्हणजे ०.०५, आणि हा फरक नजरेला दिसत नाही.

४९ डॉलरची ड्रॉइंगही दुसऱ्याचीच. स्टेप फाइल (थ्रीडी ड्रॉइंगची) टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. वरच्याच ओळींत फाइलचं नाव, तारीख आणि बऱ्याचदा बनवणाऱ्याचं नाव असतं. तिथे वेगळ्याच माणसाचं नाव होतं.

आता तक्रारीचं. पेमेंट कंपनीकडे १८० दिवसांची मुदत. १६१ व्या दिवशी मी तक्रार टाकली, तसा विक्रेत्याने लगेच ट्रॅकिंग नंबर पाठवला: ‘माल निघालाय, तक्रार मागे घ्या, नाहीतर आमचं खातं गोठेल.’ मी मागे घेतली. माल २०३ व्या दिवशी आला. मागे घेतलेली तक्रार पुन्हा उघडत नाही, आणि हे मला कधी सांगितलं? उघडायला गेल्यावर. माल हातात येऊन तपासून होईपर्यंत तक्रार मागे घेऊ नका, कोणी कितीही गयावया करो.

बँक म्हणाली, पैसे तुम्हीच मंजूर केलेत. पोलीस म्हणाले, वस्तू मिळाली ना, मग हा व्यवहारातला वाद, आणि विक्रेता परदेशात. बेअरिंगचे फोटो दाखवले तर अधिकाऱ्याने विचारलं, ‘पण यंत्र चालू होतं ना?’ चालू होतं! ०.१८ मिमीचा प्ले म्हणजे काय, हे मी कोणत्या अर्जाच्या कोणत्या रकान्यात लिहू? व्हिडिओ कंपनीच्या तक्रारीच्या पर्यायांत ‘दाखवलं एक, विकलं दुसरं’ याला जागाच नाही. जवळचा पर्याय निवडला. ११ मिनिटांत उत्तर आलं, नियमभंग आढळला नाही. ११ मिनिटांत कोणी काय पाहिलं? माझी बेअरिंगच्या आकड्यांची कमेंट मात्र चॅनेलने तासाभरात उडवली.

परवा त्यांचा नवा व्हिडिओ आला, खाली बुकिंगची लिंक. पडद्यावर फीड ८००, पट्टी १६० मिमीची, कटर ३ सेकंदांत पलीकडे.