जुनी पत्रे आणि फ्लॅटबेड स्कॅनर : काही महिन्यांच्या वापरानंतर

मित्रमैत्रिणींनी वर्षानुवर्षे पाठवलेली पत्रे टिकावीत, या एकाच हेतूने घेतलेला फ्लॅटबेड स्कॅनर (सपाट काचेवर कागद ठेवून त्याची संगणकीय प्रत घेणारे यंत्र) मी गेले काही महिने नियमित वापरत आहे. यंत्र चांगले आहे. मात्र ते ज्या गुणासाठी घेतले तो गुण आणि आज मोलाचा वाटणारा गुण हे दोन्ही वेगळे आहेत.

आधी उणीव सांगते. यात सीआयएस प्रकारचा सेन्सर, म्हणजे काचेच्या अगदी जवळून प्रतिमा टिपणारी पट्टी, आहे. त्यामुळे यंत्र पातळ आणि हलके झाले आहे व यूएसबी केबलमधूनच वीज घेते. परंतु काचेला नीट टेकलेला भागच ते स्पष्ट टिपते. घडीपाशी कागद जरासा उचललेला राहिला, तरी तिथली ओळ पुसट येते. सीसीडी सेन्सरच्या (आरसे आणि भिंगातून प्रतिमा टिपणाऱ्या) जाडजूड यंत्रांत ही अडचण बरीच कमी असते, त्यामुळे ज्यांची बहुतेक पत्रे चौपदरी घडी घातलेली आहेत त्यांनी तिकडेच वळावे. मी पत्रे उलगडून काही दिवस वजनाखाली ठेवते आणि मगच काचेवर घेते. कागद आपोआप ओढून घेणारी यंत्रे मात्र जीर्ण पत्रांच्या वाटेला जाऊ देऊ नयेत.

सोबतच्या सॉफ्टवेअरमधील आपोआप सुधारणा करण्याची सोय मी पहिल्याच दिवशी बंद केली. कागदाचा पिवळेपणा हा तिच्या लेखी दोष असतो. तो घालवण्याच्या नादात ती समासातील पेन्सिलीच्या फिकट नोंदीही पुसून टाकते, आणि माझ्या एका मैत्रिणीचे खरे बोलणे नेहमी समासातच असते! हवाई टपालाच्या पातळ कागदावर मागची शाई पुढे उमटते, त्यावर कागदामागे काळा कागद ठेवण्याचा साधा उपाय सर्वांत उपयोगी ठरला. ए४ आकाराचे एक पान ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० ठिपके), पूर्ण रंगात आणि विनासंक्षेप, म्हणजे फाइल न दाबता, घेतले, तर सुमारे २६ एमबी जागा लागते. ६०० डीपीआयवर ती चौपट होते. पत्रांना ४०० पुरते, असे माझे मत झाले आहे. मूळ प्रत टिफमध्ये (तपशील न गमावता जपणारा फाइल-प्रकार) आणि पाठवण्यासाठी वेगळी, आकाराने लहान जेपीईजी प्रत, अशी मी विभागणी केली असून फायलीच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहिते, म्हणजे पत्रे आपोआप कालक्रमाने लागतात.

या कालक्रमामुळेच एक गोष्ट ठळकपणे लक्षात आली : माझ्या पेटीत केवळ अर्धाच संवाद होता. प्रश्नांची उत्तरे माझ्याकडे, पण मी विचारलेले प्रश्न मात्र त्यांच्याकडे. म्हणून मी प्रत्येकाला त्याच्याच पत्रांच्या प्रती पाठवू लागले. काहींनी नुसते आभार मानले, एकाचा पत्ताच बदललेला निघाला; परंतु काहींनी माझी जुनी पत्रे शोधून काढून त्यांच्या प्रती पाठवल्या, आणि दोन्ही बाजू तारखेनुसार शेजारी ठेवल्यावर कित्येक वर्षे न उलगडलेले रुसवे अखेर उमगले. एका मित्राचे लांबलेले मौन हा माझ्या चेष्टेचा परिणाम नसून त्या काळात त्याचे वडील आजारी होते, हे त्याच्या पत्रात स्पष्ट लिहिलेले होते. मी ते तेव्हा वाचलेही होते, पण माझ्या पत्रांच्या शेजारी ठेवून कधीच वाचले नव्हते. आता आमचे दर आठवड्याला फोनवर बोलणे होते.

इतरांना ही पत्रे दाखवण्यापूर्वी मी लिहिणाऱ्याची परवानगी घेते. आलेल्या पत्राचा कागद आपल्या मालकीचा असला, तरी मजकुराचा स्वामित्वहक्क सर्वसाधारणपणे लिहिणाऱ्याकडेच राहतो; शिवाय विशीतले लिखाण पन्नाशीत सर्वांनाच मिरवावेसे वाटत नाही.

मूळ पत्रे मी टाकलेली नाहीत. टाचण्या आणि क्लिपा काढून ती आम्लविरहित कागदी फोल्डरमध्ये ठेवली आहेत, पीव्हीसीच्या पारदर्शक पिशव्या कटाक्षाने टाळल्या आहेत. फायलींच्या तीन प्रती दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असून त्यांतील एक घराबाहेर आहे. हस्ताक्षर ओळखून मजकूर टंकित करण्याच्या बाबतीत सोबतच्या सॉफ्टवेअरकडून काहीही अपेक्षा ठेवू नये. छापील देवनागरी ते बरे वाचते, पण घाईत लिहिलेल्या पत्रापुढे हात टेकते. तो मजकूर मी आणि तो मित्र मिळून टंकत आहोत, आणि न लागणाऱ्या शब्दांसाठी ज्याचे अक्षर त्यालाच विचारत आहोत.