कणांचे खेळ: कोणत्या संगणकावर कोणता झेपेल?

वाळू, आग, न्यूट्रॉन किंवा अख्खे ग्रह पडद्यावर सोडून गंमत बघायची म्हटली की द पावडर टॉय, नोइता आणि युनिव्हर्स सँडबॉक्स ही तीन नावे एका दमात घेतली जातात. पण तिघांची भूक वेगळी आहे. एकाला वेगवान कोअर (प्रोसेसरमधला गणित करणारा एकेक भाग) हवा, दुसऱ्याला जास्त कोअर हवेत, तिसऱ्याला कितीही दिले तरी कमीच. ‘ग्राफिक्स कार्ड कोणते?’ हा प्रश्न पहिल्या दोघांपुरता तरी दुय्यम आहे.

पावडर टॉय फुकट आणि मुक्तस्रोत आहे, त्यामुळे सुरुवात इथून करावी. मैदान ६१२ × ३८४ पिक्सेलचे, म्हणजे जास्तीत जास्त २,३५,००८ कण. सेकंदाला ६० फ्रेम (पडद्यावरची चित्रे) हव्या असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. मैदान गच्च भरले की एका कणाच्या वाट्याला जेमतेम ७० नॅनोसेकंद येतात. तेवढ्यात त्याने सरकायचे, शेजाऱ्याला उष्णता द्यायची आणि कोणाशी अभिक्रिया होते का तेही बघायचे! हे काम मुख्यतः एकाच थ्रेडवर (एका वेळी एकाच कोअरवर चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर) चालते, म्हणून सोळा कोअरचा प्रोसेसर घेतलात तरी बहुतेक कोअर बसून राहतात. मेमरीची चिंता नको: कणामागे ५० बाइट धरले तरी सगळे कण १२ एमबीत मावतात.

खेळ रखडू लागला तर कोपऱ्यातला एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम होतात तो आकडा, बघा (दिसत नसेल तर ‘एच’ दाबा). सिम्युलेशनच्या पर्यायांत न्यूटोनियन ग्रॅव्हिटी (गुरुत्वाकर्षण) आणि अँबियंट हीट (हवेतली उष्णता) चालू असतील तर आधी ती बंद करा. मग फायर, ब्लॉब असे दिखाऊ डिस्प्ले काढा, कारण चित्रही प्रोसेसरच रंगवतो. हवेला मात्र हात लावू नका. ती ४ × ४ पिक्सेलच्या खान्यांत मोजली जाते, एकूण खाने १४,६८८ च, त्यामुळे बचत थोडी होते. उलट दाब पसरायचा थांबतो, स्फोट फुसके निघतात, आणि दाबावर चालणारी प्लुटोनियमची साखळीही मंदावते.

नोइता २०२० मध्ये पूर्ण स्वरूपात आला. विकत घ्यावा लागतो आणि विंडोजसाठी आहे. त्यातही प्रत्येक पिक्सेल मोजला जातो, पण जग ६४ × ६४ च्या तुकड्यांत विभागलेले असते. दोन थ्रेड एकाच पिक्सेलवर तुटून पडू नयेत म्हणून बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक तुकडे चार फेऱ्यांत हाताळले जातात. जिथे काही हलत नाही तो भाग मोजलाच जात नाही. म्हणून शांत गुहेत खेळ लोण्यासारखा चालतो, आणि तेलाच्या तळ्याला आग लागली की तोच संगणक धापा टाकतो. तुटलेल्या लाकडा-दगडांचे पिक्सेल घन वस्तूंत बदलून वेगळ्या भौतिकी इंजिनाकडे जातात, तो भार निराळाच. खरेदीआधी एखादा व्हिडिओ बघणार असाल तर संथ चालीचा नको, आगीचा बघा. आणि हो, ही प्रयोगशाळा नव्हे, इथे तुम्ही वारंवार मरता.

युनिव्हर्स सँडबॉक्सचे गणित सगळ्यांत निर्दयी. प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येकीला ओढते असे धरले तर १,००० वस्तूंच्या ४,९९,५०० जोड्या होतात, १०,००० वस्तूंच्या जवळपास पाच कोटी. वस्तू दुप्पट, काम चौपट. इथे ग्राफिक्स कार्डही लागते, कारण ग्रहांचे पृष्ठभाग त्रिमितीत रंगवायचे असतात. नवख्यांची नेहमीची तक्रार म्हणजे ‘चंद्र पळून गेला’. बहुधा काळाचा वेग वाढवल्यामुळे दोन गणितांमधला टप्पा लांबलेला असतो. मंगळाचा फोबोस ७ तास ३९ मिनिटांत प्रदक्षिणा घालतो. टप्पा तासाभराचा झाला तर एका फेरीला सात-आठच ठिपके मिळतात, आणि कक्षा मोडते. वेग कमी करा, नवे कार्ड घेऊन हे सुटत नाही.

यांतल्या एकातही खरे कणभौतिक नाही. पावडर टॉयमधला न्यूट्रॉन म्हणजे नियम लावलेला ठिपका. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या कामाला हातभार लावायचा असेल तर एलएचसी अॅट होम हा स्वयंसेवी प्रकल्प आहे, खेळ नव्हे. बॉइंक हे अशा प्रकल्पांसाठीचे सॉफ्टवेअर बसवून रिकामा प्रोसेसर त्याला देता येतो. त्यातली काही कामे व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकातच दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालतात. ती सुरूच होत नसतील तर आधी बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे आभासी संगणक चालवण्याची सोय, चालू आहे का ते तपासा.