ढेकणांवर ‘एक वर्षाची गॅरंटी’ देणाऱ्यापासून सावध

डोंबिवलीत भाड्याने घर घेतलं, तिथे घरमालकाचा प्लायचा जुना दिवाण होता आणि दिवाणात ढेकूण. सोसायटीच्या गेटवरच्या पत्रकातला नंबर लावला. आलेला माणूस मोठा गोडबोल्या. “ताई, हर्बल आहे. वास नाही, भांडी झाकायला नकोत, घर सोडायला नको. एक वर्ष बघायचं काम नाही.” बावीसशे रुपये रोख घेतले, बिलाऐवजी चकचकीत गॅरंटी कार्ड हातात ठेवलं आणि अर्ध्या तासात गेला.

त्याने फवारलं कुठे, तर ओट्याखाली आणि बाथरूमच्या कोपऱ्यांत. दिवाणाच्या कडेला सिरिंजने तपकिरी जेलचे ठिपके दिले. गादी उचललीसुद्धा नाही. आणि ते जेल झुरळांचं! झुरळ ते खातं नि मरतं. ढेकूण रक्ताशिवाय कशालाच तोंड लावत नाही, त्याला त्या ठिपक्यांचं काय?

काही दिवसांतच अंगावर पुन्हा लाल गांधी. फोन केला तर म्हणे, “हे बाहेरून नवीन आलेत ताई, गॅरंटीत बसत नाही. हजार द्या, गोळ्या ठेवतो, एका रात्रीत साफ.” त्या गोळ्या म्हणजे गोदामातल्या धान्याला वापरतात ते अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईड. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो. घरात अशा गोळ्या ठेवून माणसं दगावली आहेत, शेजारच्या घरातलीसुद्धा. बावीसशे गेले ते गेले, पण कुणी गोळ्यांचं नाव काढलं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

खरं काम करणारा आधी पलंग खोलायला लावतो आणि दुसरी फेरी कधी ते स्वतःहून सांगतो. कारण फवाऱ्याने अंडी सहसा मरत नाहीत, आठ-दहा दिवसांत पिल्लं बाहेर येतात. एका फवारणीत वर्षभराची हमी कुणी देत असेल तर तिथेच पाणी मुरतंय. कीटकनाशक कायदा 1968 चा आहे. फवारणीच्या धंद्याला परवाना लागतो. तो फोनवरच विचारा. माझ्या कार्डावर मोबाइल नंबराखेरीज काहीच नव्हतं.

शेवटी आम्हीच दिवाणाचे स्क्रू काढले. सांध्यांत, खिळ्यांच्या भोकांत काळे ठिपके आणि पांढुरकी अंडी खच्चून भरलेली. किटलीने उकळतं पाणी ओतलं (प्लाय थोडा फुगला, फुगू दे), चादरी-अभ्रे गरम पाण्यात धुतले, गादीच्या शिवणींवरून कडक वाफेची इस्त्री फिरवली. भिंतीच्या भेगा व्हाइट सिमेंटने बुजवल्या, दिवाण भिंतीपासून ओढला. दर आठवड्याला हेच, नवीन काही दिसेनासं होईपर्यंत. रॉकेल मात्र ओतू नका, आगीला निमंत्रण. नुसत्या उन्हानेही भागत नाही, ढेकूण गादीच्या सावलीच्या बाजूला सरकतात.

पैशांसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते, पण बिल असलं तर बाजू भक्कम होते. म्हणून रोख देण्याआधी पक्कं बिल मागा, त्यावर औषधाचं नाव लिहून घ्या. कां-कूं करायला लागला तर दुसरा माणूस बघा.